हाडांतले गवंडी

आपल्या मराठीत एखाद्या गोष्टीचे पक्केपण सांगावयाचे झाले की हाडाची आठवण होते. जीव ओतून शिकविणारा तो हाडाचा शिक्षक. दुष्काळातही जमीन न सोडणारा तो हाडाचा शेतकरी. सवय मुरली की ती हाडीमाशी खिळते, आणि भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालले की त्याचे हाडवैर होते. उलट जिभेला हाड नसते, म्हणून तिच्या बोलण्याचा भरवसा नसतो. या सगळ्या बोलण्यामागे एक समजूत आहे. शरीरात जे बदलत नाही, एकदा घडले की जन्मभर तसेच राहते, ते हाड, अशी ती समजूत. माझीही तीच होती. २०२३ सालच्या पावसाळ्यात हाडांविषयीच्या एका लेखाचे भाषांतर माझ्याकडे आले आणि त्याच पंधरवड्यात घरात एक हाड मोडले. या दोन्ही गोष्टी एकदम हातात आल्यामुळे त्या समजुतीकडे मला नव्याने पाहावे लागले.

आमच्या मासिकाच्या कचेरीत निरनिराळ्या भाषांचे अनुवादक जवळजवळ बसतात. इंग्रजी लेख एकाच दिवशी सर्वांच्या टेबलांवर येतो आणि मग शब्दांची देवघेव सुरू होते. हिंदीचे सहकारी आणि मी यांच्यात तर पहिल्याच ओळीवर घोटाळा उडाला. मी ‘पेशी’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे मांस येते, कारण हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. ते ‘स्नायु’ म्हणाले की त्यांच्या मनात बहुधा मज्जातंतू असतो आणि माझ्या मनात दंडाची बेटकुळी. संस्कृताच्या एकाच पेटीतून दोघांनी शब्द उचललेले, पण आपापल्या घरी नेऊन त्यांना वेगवेगळ्या कामांना लावलेले. अखेर त्यांनी ‘कोशिका’ ठेवली, मी ‘पेशी’ ठेवली.

माझी खरी अडचण ‘अस्थी’ या शब्दाची होती. शास्त्रीय परिभाषेत हाडाच्या जागी तोच शब्द येतो. परंतु मराठी घरात अस्थी म्हणजे दहनानंतर गोळा करून नदीला अर्पण करावयाचे अवशेष. जिवंत माणसाच्या शरीरात असते ते हाड. माणूस गेल्यावर उरतात त्या अस्थी. असा शब्द जिवंत ऊतकासाठी वापरला तर वाचकाच्या मनात चितेचा धूर आल्यावाचून कसा राहील? जुन्या ग्रंथांकडे वळले तेव्हा थोडा धीर आला. आयुर्वेदाने शरीर धारण करणारे जे सात धातू मानले, त्यांत रस, रक्त, मांस आणि मेद यांच्यानंतर अस्थी हा पाचवा आहे, आणि मज्जा सहावा. म्हणजे रक्तमांसाच्या पंक्तीत हाडाचे पान आपल्या पूर्वजांनी केव्हाच मांडले होते. चरकाने हाडांची संख्या ३६० दिली, सुश्रुताने शल्यतंत्राच्या आधारे ३००. आज आपण प्रौढ माणसाची २०६ मोजतो. आकड्यांतला हा फरक पुष्कळसा मोजण्याच्या पद्धतीचा आहे, कारण दात, नखे आणि कूर्चा यांनाही प्राचीनांनी गणतीत घेतले होते.

हे सारे कागदावर चालले असताना आई न्हाणीघरात घसरली. वय अडुसष्ट. पडताना हात पुढे केला आणि मनगट मोडले. प्लास्टर घालून घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले, “अगं, हे प्लास्टर तर नुसतं बाहेरून धरून ठेवणार. मग आत सांधतं कोण?”

प्रश्न साधा होता, आणि मी जो लेख मराठीत उतरवीत होते, तो सबंध या एका प्रश्नाचे उत्तर होता. ते उत्तर तिला जसे सांगितले, तसेच येथे सांगते.

हाड दोन अगदी भिन्न द्रव्यांचे बनलेले असते. वजनाने पाहिले तर त्याचा सुमारे साठ-पासष्ट टक्के भाग खनिजाचा, पंचवीस टक्क्यांच्या आसपास सेंद्रिय द्रव्याचा आणि उरलेला पाण्याचा. खनिज म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे अतिसूक्ष्म स्फटिक. सेंद्रिय भागात बहुतेक सारे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे. सिमेंटच्या खांबात लोखंडी सळया असतात, तसे हे आहे. दाब सोसावा खनिजाने, ताण आणि पीळ सोसावा धाग्यांनी. माझी मुलगी सातवीत आहे. तिने शाळेच्या वहीतला एक प्रयोग घरी केला. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड तिने बरणीत व्हिनेगर घालून आठवडाभर बुडवून ठेवले, मध्ये एकदा व्हिनेगर बदलले. आम्लाने खनिज विरघळून गेले आणि उरलेले हाड रबरासारखे वाकू लागले. आकार तोच, पण ताठपणा नाही.

उलट प्रयोग आपण सर्वांनी पाहिलेला आहे, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाही. अग्नीत कोलॅजेन जळून जाते आणि खनिज उरते. म्हणूनच स्मशानातून आणलेल्या अस्थींना हाडाचा आकार असतो, पण त्या हलक्या, सच्छिद्र आणि बोटांनी चुरडतील अशा असतात. ‘अस्थी’ आणि ‘हाड’ या दोन शब्दांतले अंतर भाषेने किती अचूक ओळखले आहे! अस्थी म्हणजे धागे आणि जीव दोन्ही निघून गेलेले हाड.

आता रचनेकडे वळू. बाहेरून सगळीकडे एकसारखे दिसणारे हाड आतून दोन तऱ्हांचे असते. वरचे कवच घट्ट. आपल्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे ऐंशी टक्के भाग त्याचा. आतला भाग, विशेषतः मणके, मनगट आणि मांडीच्या हाडाचे टोक येथे, जाळीदार. त्या जाळीच्या पोकळ्यांत मज्जा असते, आणि तांबडी मज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख रक्तपेशी घडविते. घट्ट हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. प्रत्येक वर्तुळसमूहाच्या मधोमध एक बारीक नळी, आणि तिच्यातून रक्तवाहिनी गेलेली. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ साली आपल्या ग्रंथात या नळ्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. जेथे रक्त वाहते तेथे जीव असणारच; तरीही हाड म्हणजे देहातला दगड ही कल्पना पुढे बराच काळ टिकली.

ती ढळली ती एका जेवणाच्या पानावर. जॉन बेल्चियर नावाचा लंडनचा एक शल्यवैद्य कापडावर छपाई करणाऱ्या एका रंगाऱ्याकडे जेवावयास गेला होता. पानात डुकराचे मांस होते आणि त्यातली हाडे लाल होती. चौकशी करता कळले की रंगकामात वापरलेला मंजिष्ठाच्या जातीचा कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला जाई. आपल्याकडे लुगडी आणि पंचे ज्या कुळातल्या मुळांनी तांबडे होत, त्याच कुळातला हा रंग. बेल्चियरने १७३६ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. पुढे ड्यूआमेल द्यु माँसो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने प्राण्यांना काही दिवस मंजिष्ठ द्यावे, काही दिवस बंद करावे, असे केले, तेव्हा हाडात तांबडे आणि पांढरे थर एकाआड एक आढळले. याचा अर्थ स्पष्ट होता. जे हाड त्या दिवसांत नवीन घडत होते त्यानेच रंग धरला होता. त्याने वाढत्या हाडाभोवती चांदीची तारही गुंडाळून पाहिली. काही काळाने ती हाडाच्या आत गेलेली सापडली. बाहेरून भर पडत होती. आतून हाड काढूनही घेतले जाते, हे नंतर जॉन हंटर या शल्यवैद्याने दाखविले.

ही भर घालणारे आणि काढून घेणारे कोण, हे पुढच्या शतकात सूक्ष्मदर्शकाने सांगितले. हाडात मुख्यतः तीन तऱ्हांच्या पेशी आहेत. पहिल्या अस्थिजनक; त्या गवंडी. त्या आधी कोलॅजेनचे मऊ जाळे विणतात आणि मग त्यावर खनिजाचे स्फटिक बसतात. दुसऱ्या अस्थिभंजक, त्या पाडकाम करणाऱ्या. आकाराने मोठ्या, एकेका पेशीत अनेक केंद्रके. त्या हाडाला चिकटून बसतात, आम्ल सोडून खनिज विरघळवितात आणि पाचकद्रव्यांनी कोलॅजेन तोडतात. गंमत अशी की या दोघींचे कूळ एक नाही. पाडणाऱ्या पेशी रक्त घडविणाऱ्या घराण्यातल्या, मोठे गिळणारे पांढरे रक्तसैनिक त्यांचे भाऊबंद. बांधणाऱ्यांचे घराणे निराळे. तिसऱ्या पेशी म्हणजे नुसत्या अस्थिपेशी. बांधकाम करता करता काही गवंडी आपण रचलेल्या भिंतीतच राहून जातात, त्या ह्या. हाडांतील पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच असतात आणि त्या वर्षानुवर्षे जगतात. लहानशा खोबणीत बसून केसाहून बारीक कालव्यांतून त्या एकमेकींना हात देऊन असतात. हाडावर भार पडला की त्या कालव्यांतला द्रव हलतो, आणि त्या हालचालीवरून कोठे बांधावयाचे, कोठे पाडावयाचे याचा निरोप त्या देतात.

अशा रीतीने प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. ज्या मनगटाने मी हे लिहीत आहे ते काही शाळेत पाटी धरणारे मनगट नव्हे. एक गोष्ट मात्र गृहिणीने लक्षात ठेवावी अशी आहे. एका जागचे जुने हाड उकरावयास दोन-तीन आठवडे पुरतात. तीच जागा भरून काढावयास तीन-चार महिने लागतात. पाडणे झटपट आणि बांधणे सावकाश, हा नियम येथेही आहेच.

हा सगळा खटाटोप आंधळेपणाने चालत नाही. १८६६ च्या सुमारास झुरिच येथे हेर्मान फोन मायर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचे टोक उभे कापून त्यातल्या जाळीच्या रेषा काढल्या होत्या. पुलांचे गणित शिकविणाऱ्या कार्ल कुलमान या अभियंत्याने त्या पाहिल्या आणि ओझे उचलणाऱ्या यारीतील ताण आणि दाब यांच्या रेषा त्याला तेथे दिसल्या. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली याचा नियम मांडला की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. टेनिसपटूच्या खेळत्या हाताची हाडे दुसऱ्या हाताहून जाड असतात. अंतराळात, जेथे पायांवर भारच नाही, तेथे प्रवाशांच्या खुब्याच्या हाडातले एक ते दीड टक्का खनिज दर महिन्याला घटते. वापरात नसलेल्या खोलीचा खर्च शरीर चालवीत नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. त्या साकळलेल्या रक्तात नव्या पेशी शिरतात आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो. मग गवंडी येतात आणि त्या कूर्चेच्या जागी घाईघाईचे, ओबडधोबड हाड रचतात. सहा आठवड्यांच्या सुमारास ते भार पेलण्याइतके होते आणि प्लास्टर निघते. परंतु काम संपत नाही. पुढे कित्येक महिने पाडणारे आणि बांधणारे मिळून तो ओबडधोबड गोळा तासत राहतात. कातडीवर जखमेचा वण उरतो. चांगल्या जुळलेल्या हाडावर बहुधा वणही उरत नाही. आईने हे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे माझ्या हातात रात्रंदिवस गवंडी राबतायत, आणि मी मात्र कण्हतेय!”

परंतु मनगटच का मोडले? जाळीदार हाडाची उलथापालथ घट्ट हाडाहून जलद होते, म्हणून झीज तेथेच आधी दिसते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि पाडणाऱ्यांवरचा लगाम सुटतो. बांधणारे मागे पडतात. दुखत नाही, खुपत नाही. पहिली वार्ता येते ती हाड मोडल्यावरच. पुरुषांनाही ही झीज चुकत नाही, फक्त ती बहुधा उशिरा येते.

यात एक हिशेब असा आहे की तो मला आईसमोर वाचून दाखविताना थांबावे लागले. शरीरातील कॅल्शियमपैकी नव्याण्णव टक्के हाडांत आणि दातांत असते. ती नुसती तुळई नव्हे, पेढीही आहे. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल यांसाठी रक्तातील कॅल्शियम ठरावीक मापात राहावेच लागते. आहारातून आले नाही तर शरीर ते हाडांतून काढते. पोटातले बाळ जन्मापर्यंत आईकडून सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम घेते. अंगावर पाजण्याच्या काळातही आईच्या हाडांतून काही खर्च होतोच; दूध सुटल्यावर तो बहुतांशी भरून येतो. माझ्या सांगाड्याचा पहिला हप्ता आईच्या पेढीतून आला, आणि मुलीचा माझ्या. तिसाव्या वर्षापर्यंत ही ठेव वाढते, मग काही वर्षे स्थिर राहते, पुढे घटत जाते. आमच्या घरात तिन्ही अवस्था एकाच ताटाभोवती जेवावयास बसतात.

म्हणून ताटात काय आहे, याला महत्त्व आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीत प्रौढांसाठी दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. दूध-दही तर आहेच. पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि तीळ व पालेभाज्याही हातभार लावतात. हे अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्व हवे, आणि ते कातडीत उन्हाने तयार होते. एवढे ऊन असलेल्या आपल्या देशात त्याची उणीव सर्रास आढळते, कारण आपण आणि आपली मुले दिवसभर छपराखालीच असतो.

आणि तरीही ताट व ऊन ही केवळ सामग्री झाली. गवंड्यांना निरोप जातो तो भारानेच. येथेच आमच्या घरातला खरा पेच उभा राहिला. प्लास्टर निघाल्यावर आई भिऊन गेली होती. जिना नको, बाजार नको, न्हाणीघरात एकटी नको. इंदूरची मावशी दूरध्वनीवर म्हणाली, “ताई, आता पुरे. पुष्कळ केलंस. आता बसून खा.” बडोद्याहून आलेल्या आत्याने तर तिच्या हातातली नारळ खवण्याची विळीच काढून घेतली. दोघींचाही जीव तिच्यावर आहे. वडीलधाऱ्यांच्या हातातले काम काढून घेणे हीच आपल्या कुटुंबांत मायेची रीत समजली जाते. ज्या घरात सासूला इकडची काडी तिकडे करावी लागत नाही ते घर भाग्याचे. पण भिंतीतल्या त्या अस्थिपेशींना ही माया कळत नाही. त्यांना एवढेच कळते की कालव्यांतले पाणी हलेनासे झाले. आणि त्या पाडकामाचा निरोप धाडतात.

डॉक्टरांना विचारून आम्ही मधला मार्ग काढला. न्हाणीघरात धरावयास आडवी दांडी लावली, निसरडी फरशी बदलली, जिन्यात दिवा वाढविला. पडण्याची भीती होती, तेव्हा पडण्याची कारणे काढून टाकली. चालणे काढून टाकले नाही. हाताचे व्यायाम वाढवीत नेले. दिल्लीच्या थंडीत सकाळी गच्चीवर ऊन घेणे आणि संध्याकाळी भाजी आणणे ही दोन कामे तिची ठरली. पहिल्या दिवशी अर्ध्या गल्लीतून ती परतली. मी सोबत निघाले होते, पण पिशवी तिने माझ्या हाती दिली नाही.

वाचकहो, हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी हे शब्द मी आता निराळ्या अर्थाने ऐकते. जो बदलत नाही तो हाडाचा, असे नव्हे. जो रोज थोडा मोडतो आणि रोज आपल्या कामाच्या भाराने पुन्हा बांधला जातो, तो हाडाचा. आपल्या घरात कोणी वृद्ध असेल तर त्यांच्या हातातले काम हलके करा, सुरक्षित करा. पण सगळे काढून घेऊ नका. परवा आई मटाराची पिशवी घेऊन दोन जिने चढून आली, दारात क्षणभर थांबली, आणि मटार सोलावयास मुलीला हाक मारून जमिनीवर वर्तमानपत्र पसरले.